आत राहिलेली लाट

‘दोर जुना’ एवढं विन्का बार्बारिचनं वहीत लिहिलं, आणि पूर्णविरामासाठी टेकवलेलं पेन तिथंच राहिलं. दोर जुना नव्हता. दोर गेल्या गुरुवारी आला होता, निळाभोर, गुबगुबीत, नव्या रेनकोटसारखा वास येणारा. बंदराच्या मालकीचा दोर, आणि तो मिळाल्याची सही तिनंच केली होती, ह्याच टेबलाशी, बहुतेक ह्याच पेनानं. पाच दिवसांचा दोर. पाच दिवसांत फ्रीजमधलं दूध नासत नाही, आणि ती त्याला जुना म्हणून मोकळी झाली होती! पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका फुगत गेला, कागदात पसरला, त्याला बारीक बारीक पाय फुटले. तिला वाटलं, हा हात आपल्या ओळखीचा नाही. मनगटावरचा भाजल्याचा डाग आपला, अंगठी आपली, पण हात भलत्याच कुणाचा तरी आहे आणि तो आपल्याला न विचारता लिहितो. खाली, ती जिथून बंदरावर नजर ठेवायची त्या मनोऱ्याच्या काचेपलीकडे, पोर्ट डॅन्बीचं बंदर जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, कोवळ्या उन्हात इस्त्री केल्यासारखं पडलं होतं. वारा नाही, लाट नाही, झेंडा ओल्या टॉवेलसारखा काठीला चिकटलेला. आणि ह्या असल्या पाण्यात, दहा मिनिटांपूर्वी, गव्हानं अर्धं भरलेलं एक अवाढव्य जहाज कुणी हाक मारल्यासारखं हळूच दोन मीटर पुढं गेलं होतं, थबकलं होतं, मागं आलं होतं, पुन्हा पुढं गेलं होतं, आणि तो निळा दोर बंदुकीच्या बारासारखा आवाज करून तुटला होता. तुटलेलं टोक धक्क्यावरून साटकन फिरलं आणि लोखंडी खुंटावर आदळलं. त्या खुंटाशी एक मिनिट आधी तिचा दीर उभा होता.

“वहिनी, ऐकतेयस ना?” रेडिओवर यूरेचा आवाज आला होता, नेहमीपेक्षा एक पट्टी वर. “मी ठीक आहे. लघवीला गेलो होतो. आयुष्यभर ह्या मूत्राशयाला शिव्या घातल्या, आता रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लावतो बघ.”

“बाकी कुणाला लागलं?”

“कुणाला नाही. एकाची कॉफी सांडली, तो तेवढा रडतोय. तू आपली वहीत नोंद करून टाक. दोर जुना म्हणून टाक.”

आणि तिनं टाकली होती. आता तिनं रेडिओचं बटण दाबलं. “यूरे, दोर नवा होता.”

यूरे म्हणाला, “मग कॅप्टन गाढव होता म्हण,” आणि त्यानं आवाज बंद केला.

विन्कानं वहीची पानं मागं उलटली. आजची धरून अकरा. दोन हिवाळ्यांत अकरा वेळा दोर तुटले होते, आणि अकराही वेळा तिच्या गोल गोल, शाळकरी अक्षरात तेच: दोर जुना. दोर जुना. कॅप्टननं सैल बांधला. दोर जुना. आपण खोटं लिहिलं का? तिनं प्रामाणिकपणे स्वतःला चाचपून पाहिलं, खिशात किल्ल्या चाचपाव्यात तसं. नाही, खोटं नव्हे. खोटं लिहिणाऱ्याला खरं ठाऊक असावं लागतं. तिला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं ते डोक्यात नव्हतं, कुठंतरी खाली पोटात, जेवण न पचल्यासारखं बसलं होतं. कारण दोर जुना नसेल तर मग काय? मग ती भिंत. आणि भिंतीपर्यंत विचार आला की विन्काचं मन रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून चालायला लागे, एखादा नकोसा माणूस समोरून येताना दिसला की आपण करतो ना, तसं.

ती भिंत, म्हणजे बंदराच्या तोंडाशी समुद्रात गेलेला दगडांचा लांबलचक बांध, आधीपासून होतीच. पण तिचे शेवटचे नव्वद मीटर विन्काचे होते. नऊ वर्षांपूर्वी, बाहेर समुद्र खवळलेला असताना, असाच एक दोर तुटला होता आणि त्या वेळी खुंटाशी असलेला माणूस लघवीला गेलेला नव्हता. तो फ्राने होता, यूरेचा थोरला भाऊ, विन्काचा नवरा, धक्क्यावर जहाजं बांधणाऱ्या दोरवाल्यांमधला सगळ्यात मोठ्यानं हसणारा. विन्का त्या वेळी घरी सार्डिन मासे तळत होती. घर धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर. ती धावत पोचली तेव्हा अँब्युलन्स यायची होती. त्यानंतर त्या घरात सार्डिन तळले गेले नाहीत. मग रेडिओ लागेनासा झाला, मग रविवारची पत्त्यांची मंडळी यायची थांबली, मग टोन्काला, म्हणजे तिच्या सात वर्षांच्या मुलीला, होडीत पाय टाकायची बंदी झाली. आणि ज्या विन्कानं शेजारणीकडं कधी वाटीभर साखर मागितली नव्हती, ती हातात फळी आणि फळीवर कागद घेऊन दारोदार फिरायला लागली. बंदराचं तोंड फार मोठं आहे, ती म्हणायची. सगळा समुद्र आत येतो. तोंड लहान करा. एकेका दारात ती तेच तीन शब्द बोलायची, तोंड लहान करा, आणि लोक तिच्याकडं बघायचे आणि सही करायचे. तीन हजार चारशे बारा सह्या. अकरा हजारांच्या गावात! सात वर्षं लागली. मग यंत्रं आली, दगड आले, आणि शेवटच्या दिवशी धक्क्यावरच्या प्रत्येक घरानं आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव रंगवलेला एकेक दगड हातानं नेऊन भिंतीच्या माथ्यावर बसवला. फ्रानेचा दगड अगदी टोकाला. समुद्र आत यायला लागला की पहिली गाठ त्याच्याशीच पडावी म्हणून.

आणि बंदर शांत झालं होतं, हेही खरंच ना! रोजच्या खळखळीच्या, थयथयाटाच्या लाटा बाहेरच अडल्या. पाण्यात ढग दिसायला लागले. बेकरीतली बाई दोन पाव मागितले की तीन द्यायची आणि म्हणायची, तुझ्यामुळं गं. विन्का कितीतरी वर्षांनी सलग झोपायला लागली.

आत्ता मात्र ती काचेला नाक लावून उभी होती. धक्क्याच्या एका खांबावर भरती मोजायची पट्टी रंगवली होती, पांढऱ्यावर काळे आकडे. पाणी वर येत होतं. घाई नाही, आवाज नाही, फेस नाही. नुसतं वर येत होतं, झोपलेल्या माणसाचं पोट वर येतं तसं. एक आकडा बुडाला, दुसरा बुडाला. थांबलं. मग तितक्याच संथपणे खाली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. वर जाऊन परत यायला दोन मिनिटं आणि दहा सेकंद. पुन्हा वर. पुन्हा दोन मिनिटं दहा सेकंद. बाहेरच्या समुद्रात कुठंतरी दूर, दक्षिणेला, आठवड्यापूर्वी वादळ झालं असेल. त्याचा एक लांब, आळशी हेलकावा इथवर आला असेल आणि निघूनही गेला असेल. बाहेर आता काही नव्हतं. पण आत चालूच होतं. ती मोजत राहिली. चार, पाच. कॉफी निवली. नऊ. रेडिओवर कुणीतरी हवामान विचारलं, तिनं सांगितलं. तेरा. मग एकाएकी तिला टोपी दिसली. फ्रानेची टोपी. नऊ वर्षांत तिनं त्या दिवसातलं सगळं आठवून आठवून झिजवलं होतं, बुटाची सुटलेली नाडी, कुणीतरी अंगावर टाकलेला कोट, पण टोपी तिला कधी आठवली नव्हती. टोपी पाण्यात होती. ती धक्क्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती आणि टोपी तिच्याकडं आली, लांब गेली, पुन्हा आली, थोडी कमी लांब गेली, पुन्हा आली, आणि थांबली. तीन वेळा. अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तेव्हा टोपी एका जागी उभी होती. केवढा राग आला होता तिला त्या पाण्याचा! इतक्यात विसरलंस? एवढं करून इतक्यात विसरलंस? आणि आता खालचं हे पाणी, तिनं सात वर्षं भांडून शांत केलेलं हे पाणी, सतरा झाले तरी विसरत नव्हतं.

जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत मनोऱ्याला, आणि मेरिन टॅप्सेल प्रत्येक वेळी नव्यानं दमते. मेरिन पर्थहून आलेली इंजिनिअर, अठ्ठावीस वर्षांची, पायात नारिंगी बूट, दोन महिने बंदरात कसली कसली यंत्रं बुडवून बसलेली. आज चार वाजता बंदराच्या समितीपुढं ती आपला अहवाल ठेवणार होती, आणि त्यात काय आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं: भिंतीचे शेवटचे नव्वद मीटर काढून टाका. विन्का त्या समितीवर धक्क्यावरच्या घरांच्या वतीनं बसायची. दोन महिने ती मेरिनशी फक्त हवामानाबद्दल बोलली होती.

“ऐकलं मी,” मेरिन म्हणाली, दाराला धरून. “यूरे ठीक आहेत ना?”

“त्याला काय होतंय. बस आधी. इथं चक्कर येऊन पडलीस तर मला आणखी एक नोंद करावी लागेल.”

मेरिन बसली. टेबलावर उघड्या पडलेल्या वहीकडं तिनं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती वही तिनं तीनदा मागितली होती आणि तीनदा विन्कानं सांगितलं होतं, वही बंदराची आहे, वाचनालयाची नव्हे. आता विन्कानं वही तिच्याकडं सरकवली. मेरिननं हात लावला नाही.

“मला सांग,” विन्का म्हणाली, “आणि ते तक्ते-बिक्ते नकोत. मी आत्ता एकोणीस मोजले. आधी तीनच होते. का?”

मेरिन गडबडली. हुशार पोरीला परीक्षेत नेमका पाठ असलेला प्रश्न आला की ती जशी घाबरते, तशी. “कारण यायचं दार आणि जायचं दार एकच आहे,” ती म्हणाली. “दार रुंद असलं की नाना तऱ्हेच्या लाटा आत येतात, पण येतात तशा जातात. दार अरुंद केलं की बहुतेक लाटा बाहेरच राहतात. फक्त एक येऊ शकते, जिची चाल बंदराच्या स्वतःच्या चालीशी जुळते ती. ती अगदी थोडी थोडी आत येते, पण दर खेपेला आधीच्या लाटेच्या पाठीवर बसते. झोका देतो ना आपण, नेमक्या वेळी एक बोट लावलं तरी पुरतं. आणि मग ती जाणार कुठून? दार तर आपणच लहान केलंय. त्यामुळं जातानाही ती थोडी थोडीच जाते.”

“म्हणजे वाईट लाट आम्हीच निवडून आत घेतली.”

“तुम्ही निवडली नाही. बंदरानं निवडली.”

“असं दार नाही करता येत,” विन्कानं विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला, “जे नुसतं बाहेर सोडेल? आत काही घेणार नाही?”

मेरिननं मान हलवली. “पाण्याला तसं दार नसतं, विन्का. खूप जणांनी शोधलंय. किती लाटांना दार उघडायचं आणि आलेली लाट किती वेळ आत राहणार, ह्या दोन्हींचं एकमेकांशी भांडण आहे. एक वाढवलं की दुसरं कमी होणारच. दोन्ही आपल्याला हवं तसं नाही मिळत.” मग ती ओठ चावत म्हणाली, “मला माहितीये ते नव्वद मीटर कुणाचे आहेत. मला हे सांगायला यायचं नव्हतं. मी आईला फोन करून रडले सुद्धा.”

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, जेवलीस का.”

विन्काला हसू आलं. इतकं अचानक, की ते हसू आहे की उचकी हे तिला आधी कळलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडी काढून भिंतीकडं गेली. गाडी मुळाशी ठेवायची आणि मग दगडांवरून चालत जायचं, वीस मिनिटं. उजव्या हाताला उघडा समुद्र, डाव्या हाताला बंदर. उजवीकडं लाटा येत होत्या, फुटत होत्या, संपत होत्या. प्रत्येकीचा मोठा बोभाटा आणि मग काही नाही, एखाद्या तापट बाईसारखं, भांडी आपटून मोकळं व्हायचं आणि चहा टाकायचा. डावीकडं आवाजच नव्हता. डावीकडं पाणी दगडांच्या फटींतून हळूच वर यायचं, शेवाळ ओलं करायचं आणि हळूच खाली जायचं, आणि तिला तिचं स्वयंपाकघर आठवलं, दुपारी चारचं, सगळं घासूनपुसून लख्ख, खिडक्या बंद, आणि त्यात ती एकटी इकडून तिकडं जाणारी. बंद खिडकीतून माश्या येत नाहीत, धूळ येत नाही, शेजारणीचं रडकं पोर येत नाही. फ्राने मात्र येत होता. नऊ वर्षं, रोज, एकाच चालीनं. आणि दर वेळी आधीच्या फ्रानेच्या पाठीवर बसून येत होता, त्यामुळं जिवंतपणी होता त्याहून तो आता कितीतरी जड झाला होता. खरा फ्राने हलका होता. खरा फ्राने घोरायचा, उधळ्या होता, आणि पालाचिंके, म्हणजे पातळ गोड धिरडी, करताना पहिली नेहमी करपवायचा. त्या फ्रानेची तिला कितीतरी दिवसांत आठवणच आली नव्हती.

टोकाशी कुणीतरी बसलं होतं. ओले केस, अंगात नारिंगी जीवरक्षक जाकीट, खाली दगडांना बांधलेली छोटी शिडाची होडी. विन्का जवळ जाईपर्यंत तिचा विश्वास बसला नाही. टोन्का. तिची सोळा वर्षांची मुलगी, जिनं होडीत पाय टाकायचा नव्हता.

“शाळा?” विन्का म्हणाली.

“खेळाचा तास आहे,” टोन्का म्हणाली. पळून जायला जागा नव्हती, तिन्ही बाजूंना पाणी.

“खेळाला होडी लागते?”

“होडीचाच खेळ आहे, आई.”

“परवानगीच्या कागदावर सही कुणी केली?”

“नोना आजीनं.”

“नोनाला इंग्रजी वाचता येत नाही!”

“म्हणूनच तिच्याकडं नेला ना कागद.” टोन्कानं खांदे उडवले. “एक वर्ष झालं. ओरड आता. मी तयार आहे.”

ओरडायला विन्कानं तोंड उघडलं आणि खालचं पाणी वर यायला लागलं. दोघींनी एकदमच खाली पाहिलं. होडी हळूच वर उचलली गेली, दोरी सैल पडली. टोन्का पुटपुटली, “एक… दोन… तीन.”

“काय मोजतेस?”

“दगड. तीन दगड बुडले की सरांनी सांगितलंय एक तर बंदरातून बाहेर पडायचं, नाहीतर काठाला यायचं. मध्ये थांबायचं नाही. सकाळी चार बुडले होते. आम्ही त्याला म्हातारीचा श्वास म्हणतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सगळेच. वर्गातले, सर, मासेवाले, इंधनाच्या पंपावरचे काका. यूरेकाका पण.” टोन्का थांबली. “सगळ्यांना माहितीये, आई. दोन वर्षांपासून.”

“मग मला कुणी…”

“तुझ्यापुढं कोण बोलणार?” टोन्का म्हणाली. रागानं नाही, कुत्र्याच्या पिल्लाशी बोलावं तशा मऊ आवाजात, आणि तेच जास्त लागलं. “तू कुठंही आलीस की सगळे तुझ्याकडं असे बघतात ना. जपून. बेकरीवाली बघते तसं. कुणाला तुला दुखवायचं नव्हतं.”

विन्का दगडावर बसली. फ्रानेच्याच दगडावर बसली हे तिला नंतर कळलं. तीन हजार चारशे बारा चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. तेव्हाही ते तसेच बघत होते, जपून. तिला वाटलं होतं, आपण त्यांना पटवतोय. अख्खं गाव दोन वर्षं तुटणाऱ्या दोरांखालून वाकून चालत होतं, पोरं होड्या वल्हवत काठाला पळत होती, यूरे खुंटाशी उभा राहून लघवीच्या गोष्टी सांगत होता, आणि हे सगळं तिच्यासाठी! इतकी माया. एवढ्या मायेखाली एखादा माणूस मरेल. आज मेलाच होता जवळजवळ. मेरिननं कितीही तक्ते दाखवले तरी चार वाजता कुणी हात वर करणार नाही. सगळे विन्काकडं बघतील, जपून, आणि हात मांडीवरच ठेवतील. हे बोलणं गावात एकाच माणसाच्या तोंडून निघू शकत होतं.

“तुला भीती नाही वाटत?” तिनं पाण्याकडं बघत विचारलं.

“वाटते की! म्हणून तर मोजते.” टोन्का तिच्याशेजारी सरकली. तिचं ओलं जाकीट विन्काच्या कोटाला लागलं, गार पाणी बाहीतून आत झिरपलं आणि विन्कानं हात काढला नाही.

दोन ते चार ती मनोऱ्यावर दोरांच्या जुन्या पावत्या काढून वहीतल्या एकेका नोंदीशी ताडून बघत बसली.

समितीची बैठक दोरवाल्यांच्या युनियनच्या हॉलमध्ये होती. मीट-पाईंचा वास, मोठ्या भांड्यातला कडू चहा, भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. मेरिन बोलली. तिचे तक्ते चांगले रंगीत होते, आणि कुणीही त्यांच्याकडं पाहिलं नाही. विन्काला आपल्या गालांवर त्या नजरा जाणवत होत्या, उन्हासारख्या ऊबदार. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाले, “विन्का, तुला काही बोलायचंच असं नाही हं.”

“बोलायचंय,” ती म्हणाली आणि वही घेऊन उठली. तिनं वाचायला सुरुवात केली. “तीन जून. मी लिहिलं, दोर जुना. दोर आठ महिन्यांचा होता. एकोणीस जून. मी लिहिलं, कॅप्टननं सैल बांधला. तो यूरेनं बांधला होता आणि यूरे सैल बांधत नाही. दोन ऑगस्ट. दोर जुना. दोर तीन महिन्यांचा होता.” अकराच्या अकरा तिनं वाचल्या. सातव्या नोंदीला हॉलमध्ये कुणाच्या तरी कपाचा आवाज झाला, मग तोही थांबला. “आज. दोर जुना. दोर पाच दिवसांचा होता.” तिनं वही मिटली. “भिंत मी मागितली. तुम्ही माझ्याकडं बघून दिलीत. चूक झाली. उघडा ती.”

दोरवाल्यांच्या वतीनं समितीवर असलेला यूरे मागून बोलला. मोठा, ढेरपोट्या, आजवर कुणी त्याला इतक्या खालच्या आवाजात बोलताना ऐकलं नसेल. “फ्राने गेला तेव्हा एवढी भिंत नव्हती, वहिनी.”

“नव्हती.”

“मग? उघडली की पुन्हा सगळा समुद्र आत. मग मी माझ्या माणसांना काय सांगू?”

“सांग की लाटा येतील. दिसतील, आवाज करतील, तुम्ही शिव्या द्याल आणि बाजूला व्हाल. जहाज बांधणार नाही त्या दिवशी. फ्राने गेला त्या दिवशी वारा होता, यूरे, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आज बांधू नये, तरी बांधलं. ते आपण सुधारू शकतो. आणि पाणी त्या दिवशी तीन हेलकाव्यांत थांबलं होतं. मी तिथं बसले होते, मी पाहिलंय. आज सकाळी मी सव्वीस मोजले, मग मोजायची थांबले.” तिनं वही खाली ठेवली. “लाट येणारच नाही असं बंदर कुणी बांधलेलं नाही. येऊ दे. फक्त तिला जाता आलं पाहिजे.”

मग भिंतीजवळचा एक हात वर गेला, इंधनाच्या पंपावरच्या काकांचा, पण ते समितीवर नव्हते. अध्यक्षांनी त्यांना खुणेनं तो खाली करायला लावला आणि थोडा हशा पिकला. मग समितीवाल्यांचे हात एकेक करून वर यायला लागले, अवघडल्यासारखे, वर्गात पहिल्यांदा हात वर करणाऱ्या पोरांसारखे. विन्कानं मोजले नाहीत. ती यूरेकडं बघत होती. यूरेचे दोन्ही हात मांडीवर होते आणि अध्यक्षांनी ठराव मंजूर म्हणून सांगितलं तरी ते तिथंच राहिले. तो उठला, टोपी घातली आणि कुणाकडंही न बघता निघाला. विन्काला वाटलं, संपलं. एक भाऊ समुद्रानं घेतला, दुसरा मी. दारापाशी तो थांबला. परत आला. तिच्यापुढं उभा राहिला, आणि जवळून तिला दिसलं की त्याच्या एका कानाला अजून सकाळची निळी धूळ लागली आहे, दोराची.

“फ्रानेचा दगड तुला नुसत्या हातानं हलवता येणार नाही,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “मी खाली सिमेंट ओतलंय. तुम्ही सगळे फोटो काढत होतात तेव्हा. कुणाला सांगितलं नव्हतं.”

“यूरे…”

“त्यांच्या यंत्रांनी उचलायचा नाही. मला नाही चालणार. उद्या सकाळी मी पहार घेऊन येतो.”

विन्कानं त्याच्या कानावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

“दोन आण,” ती म्हणाली.